रहीमसाहेबांनी पोरांकडे काय मागितलं होतं

आज जरा लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

महिन्याभरापूर्वी नातवाबरोबर 'मैदान' हा सिनेमा घरी बसून पाहिला. २०२४ चा, अजय देवगणचा. आपल्या हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा. नातू नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळतो. सिनेमा संपल्यावर म्हणाला, "आजोबा, कोच खरंच असं काही बोलतात का हो मॅचच्या आधी? आमचे सर तर नुसतं 'सोडू नका त्यांना' एवढंच ओरडतात." पुढच्या शनिवारी त्याची मॅच होती, शेजारच्या शाळेशी. दरवर्षीची खुन्नस.

त्या रात्री मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायचं तर माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी चाळीस वर्षांत घरात धड सांगितली नव्हती. शेवटी शुक्रवारी सांगितली. घरात सांगितलीच आहे तर इथंही लिहावी म्हणतो. पण आधी रहीमसाहेबांचं लिहितो, त्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही.

बाहेरगावच्या मंडळींना हैदराबाद म्हटलं की आता क्रिकेट आणि बॅडमिंटन आठवतं. पण एकेकाळी हे फुटबॉलचं गाव होतं. रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. पेशानं शाळामास्तर. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये, चादरघाटच्या हायस्कूलमध्ये त्यांनी शिकवलं. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार हा तर आपल्या मराठी लोकांचा जुना पट्टा. त्यामुळे "आमच्या आजोबांना शिकवायला होते" असं सांगणारी दोन-चार घरं आपल्यातही निघतील. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते, आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमची सूत्रं त्यांच्याकडे आली. मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स कप या टीमनं १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. १९५० च्या ड्युरंड कपच्या फायनलला तर थेट मोहन बागानला हरवलं. कलकत्त्याच्या बाहेरही फुटबॉल असतं, हे कलकत्त्याला मान्य करावं लागलं.

आता या टीमच्या नावातला शेवटचा शब्द बघा. पोलीस. १९५० साली आमच्या घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारला जात नव्हता.

आजोबा अदालतीत कारकून होते. उर्दूत शिकलेले, उर्दूत हिशोब लिहिणारे. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांनी बायकापोरांना सोलापूरला पोचवलं. नांदेडकडच्या गावी चुलत आजोबा राहायचे, त्यांचं घर रझाकारांनी लुटलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, निजामाची राजवट गेली, आमची माणसं परत आली. त्यानंतर दुसऱ्या बाजूचीही घरं जळाली, माणसं मारली गेली, पुष्कळ मारली गेली. ते आमच्याकडे हळू आवाजात बोललं जायचं. बोललं जायचं एवढं मात्र खरं. पण आजोबांच्या मनातून ते वर्ष काही गेलं नाही. रझाकार दारावरून जात होते तेव्हा निजामाचे पोलीस हात बांधून उभे होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि दोनच वर्षांनी त्याच पोलिसांची टीम, तीही बहुतेक मुसलमान पोरांची, मुंबईला जाऊन कप आणते आणि सगळं हैदराबाद नाचतं! आजोबांनी सांगून टाकलं, "त्या टीमचं नाव या घरात काढायचं नाही."

माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा तेरा वर्षांचे होते. नूर महंमद, अझिझुद्दीन ही नावं त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. ते चोरून फत्तेमैदानावर जायचे. आज त्याला लालबहादूर स्टेडियम म्हणतात.

रहीमसाहेब तेव्हा गावातल्या पोरांसाठी अजब स्पर्धा भरवायचे. एक होती नॉन-ड्रिबलिंगची. चेंडू पायात घेऊन पळायचंच नाही. आला की दुसऱ्याला द्यायचा. दुसरी होती कमजोर पायाची. उजव्या पायानं खेळणाऱ्यानं डाव्यानंच मारायचं. अण्णा त्या नॉन-ड्रिबलिंगच्या स्पर्धेत गल्लीच्या टीमकडून खेळले होते. टीम कशी, तर दोन मराठी, तीन तेलुगू, एक सिकंदराबादचा ख्रिश्चन आणि बाकी मुसलमान पोरं.

अण्णांची ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून फार उशिरा ऐकली. त्यांच्याच शब्दांत सांगतो: "उजव्या विंगला एक पोरगा होता. त्याचा मामा रझाकार होता म्हणून गल्लीत बोलायचे. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. पण ड्रिबल करता येत नाही म्हटल्यावर करतो काय? मान वर केली की तोच मोकळा दिसायचा. दिला चेंडू. त्यानं परत दिला. असं दोन मॅच चाललं. तिसऱ्या मॅचला त्यानं मला नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली."

रहीमसाहेबांनी ही स्पर्धा पोरांची मनं जुळवायला भरवली होती असं मी म्हणणार नाही. त्यांना पोरांचं पासिंग सुधारायचं होतं. हैदराबाद पोलीसची टीम गाजली ती त्या छोट्या, भराभर पासवरच. पण ज्याच्यावर भरवसा नाही त्यालाही चेंडू द्यायला लावणारा नियम पायात एकदा मुरला, की त्याचं काम मैदानाबाहेरही होतं. मोठ्या मॅचच्या दिवशी कोचला फार बोलावं लागत नाही, कारण बोलणं आधीच होऊन गेलेलं असतं. रोज सकाळी, चेंडूतून.

आता जकार्ता. सिनेमात तुम्ही पाहिलंय, तरी थोडं सांगतो.

१९६२ ची एशियन गेम्स. दक्षिण कोरिया तेव्हा १९५६ आणि १९६० असा लागोपाठ दोनदा आशिया कप जिंकलेला. पहिल्याच सामन्यात त्यांनी आपल्याला २-० असं हरवलं. पुढं थायलंडला ४-१, जपानला २-०, सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं करत आपण फायनलला पोचलो. समोर पुन्हा कोरिया. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. गोलकीपर थंगराज तापातून नुकताच उठलेला. कॅप्टन चुनी गोस्वामी. संघात आपल्या हैदराबाद-सिकंदराबादचे बलराम आणि युसूफ खान, गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको.

आणि बाहेर वेगळंच पेटलेलं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. या स्पर्धेला मान्यता देऊ नये, अशी भूमिका आपले गुरुदत्त सोंधी यांनी घेतली, आणि सगळं जकार्ता भारतावर उलटलं. फायनलच्या आदल्या दिवशी जमाव आपल्या वकिलातीवर चालून गेला. ४ सप्टेंबरला स्टेडियममध्ये लाखभर माणूस, आणि जवळजवळ सगळे आपल्या विरुद्ध. आपल्या राष्ट्रगीतालाही हुर्यो. खेळाडूंनी नंतर अनेकदा सांगितलंय की त्या गर्दीत आपल्या बाजूनं ओरडणारे कोण होते, तर पाकिस्तानचे हॉकीपटू. त्याच स्पर्धेत हॉकीच्या फायनलला त्यांनी आपल्याला हरवलं होतं.

आता विचार करा. एखाद्या कोचला चिथावणी द्यायला यापेक्षा जास्त दारूगोळा काय हवा? आधीचा पराभव आहे, वकिलातीवरचा हल्ला आहे, झेंड्याचा, राष्ट्रगीताचा अपमान आहे. यातलं काहीही उचललं असतं तरी पोरं पेटली असती. पण त्या संघातल्या लोकांनी पुढं जे सांगितलं त्यात असं भाषण नाही. रहीमसाहेबांनी त्यांच्याकडे एक भेट मागितली. उद्या मला सोनं द्या, इतकंच. फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्यांना पोखरलं होतं. संघ घडवणारा माणूस पोरांपुढं हात पसरून काहीतरी मागत होता.

आणि एक निर्णय त्यांनी घेतला होता. जर्नेलसिंग हा खरं तर बॅक, देशातला सगळ्यात खमक्या बॅक. डोक्याला टाके असताना त्याला विश्रांती न देता त्यांनी सेंटर फॉरवर्डला खेळवला. तू जखमी असलास तरी मला लागतोस, हे त्याला वेगळं सांगायची गरजच उरली नाही. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीनं गोल केला, विसाव्याला जर्नेलसिंगनं. कोरियानं अगदी शेवटी एक परत केला. २-१. पुढच्या वर्षी ११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. एशियन गेम्समधलं फुटबॉलचं सोनं आपल्याला त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही.

अण्णा सांगायचे, सुवर्णपदकाची बातमी रेडिओवर आली तेव्हा आजोबा पानाचा डबा उघडून बसले होते. बातमी संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या काचीगुड्याचा मास्तर तो." एवढंच. पोलीस हा शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही.

आता माझ्या पिढीकडे येतो. आम्ही रहीमसाहेबांना पाहिलं नाही. आमचे हिरो दोन भाऊ, हबीब आणि अकबर. हैदराबादची पोरं, पण खेळायची कलकत्त्याला. त्यामुळे सत्तरच्या दशकात मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच असली की इथं हैदराबादेत आम्ही रेडिओला कान लावून बसायचो. बंगाली कळत नव्हतं, पण हबीबचं नाव कळायचं.

आणि त्या मॅचचे जादूगार होते कोच पी. के. बॅनर्जी. तेच, जकार्ताचा पहिला गोल मारणारे, रहीमसाहेबांना गुरू मानणारे. त्यांच्या मॅचआधीच्या बोलण्याला कलकत्त्याच्या पेपरांनी नाव दिलं होतं, व्होकल टॉनिक. गुरू कमी बोलणारा, हे धबधब्यासारखे. घर, आईवडील, जर्सीची लाज, सगळं काढायचे. पोरं रडत मैदानात उतरायची म्हणे. तिथं ते चालायचंही, कारण जखम होतीच. ईस्ट बंगालच्या मागं पूर्व बंगालातून उठून आलेली माणसं होती. मोहन बागान कलकत्त्याकडच्या जुन्या वस्तीचा. फाळणीत घरदार गेलेल्या माणसाला मैदानावरची ती नव्वद मिनिटं स्वतःची वाटायची.

१९७५ च्या आयएफए शील्डच्या फायनलला पीकेंच्या ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं धुतलं. पुढच्याच वर्षी पीके मोहन बागानकडे गेले. म्हणजे तेच तोंड, तेच टॉनिक, बाटलीवरचं लेबल तेवढं बदललं. आणि १९७६ च्या लीगमध्ये आपल्या अकबरनं सतराव्या सेकंदाला ईस्ट बंगालवर गोल घातला! आमच्या गल्लीत त्या दिवशी जिलबी वाटली होती. १९७७ मध्ये पेलेच्या कॉसमॉस संघाला मोहन बागाननं २-२ असं रोखलं, त्यातला एक गोल हबीबचा. चारच दिवसांनी शील्डच्या फायनलला त्याच टीमनं ईस्ट बंगालला १-० हरवलं.

या सगळ्याची दुसरी बाजू मला तेव्हा दिसत नव्हती. त्या ५-० नंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकानं जीव दिला. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन टीमच्या मॅचला प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण मेले. पेपरात वाचलं, हळहळलो आणि पान उलटलं. डोक्यात राहिलं ते फक्त टॉनिक.

१९८४ च्या हिवाळ्यात मी एका शाळेत गणित शिकवत होतो. शाळेचं नाव सांगत नाही. फुटबॉलची हौस म्हणून टीमही माझ्याकडेच होती. वय अठ्ठावीस. मुशीपलीकडच्या एका शाळेशी आमची दरवर्षी मॅच व्हायची. त्या शाळेत बहुतेक मुसलमान मुलं. मागची दोन वर्षं त्यांनी आम्हाला हरवलं होतं. मला वाटलं, आपणही टॉनिक पाजावं.

मॅचआधी पोरांना वर्गात बसवलं, दार लावून घेतलं आणि म्हणालो, "घरी जाऊन आजोबांना विचारा, अठ्ठेचाळीस साली आपली घरं कुणी लुटली. आज समोर आहेत ती त्यांचीच नातवंडं."

ते लिहिताना आजही हात थांबतो. पण असंच म्हणालो होतो, शब्द बदलून सांगण्यात अर्थ नाही. पोरांचे चेहरे बदलले. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, जमलं आपल्याला.

बाराव्या मिनिटाला आमचा स्टॉपर, वर्गात कधी वर मान न करणारा पोरगा, त्यांच्या लेफ्ट विंगवर दोन्ही पायांनी गेला. चेंडू केव्हाच पुढं गेला होता. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मला टचलाइनवर ऐकू आला. रेफरीनं आमच्या पोराला बाहेर काढलं. दहा जणांत खेळूनही आम्ही १-० जिंकलो. शिट्टी झाली तेव्हा एकही पोरगा ओरडला नाही. मी स्टॉपरला बाजूला घेऊन झापायला लागलो, तर तो माझ्याकडे बघून इतकंच म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना."

अण्णा मॅच बघायला आले होते. ते माझ्याकडे आले नाहीत. त्या मुलाला रिक्षात घालून त्यांच्या मास्तरांबरोबर दवाखान्यात गेले. रात्री नऊला घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले. तोवर त्या मास्तरांकडून, पोरांकडून त्यांना सगळं कळलेलं. ताट तसंच पुढं. म्हणाले, "रझाकार मी पाहिलेत. तू पाहिले नाहीस. ते नाव तुला वापरायला दिलं कुणी?"

मग त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा मला उजव्या विंगवरच्या पोराची गोष्ट सांगितली. ती मी वर लिहिलीच आहे. शेवटी म्हणाले, "तुझ्या आजोबांना राग होता, तो खराच होता. पण त्यांनी तो माझ्या पायात बांधला नाही. घरात नाव काढू नका म्हणाले, पण मी चोरून मैदानावर जातो हे त्यांना ठाऊक होतं. एकदाही अडवलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोसंबी घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी आत बोलावलं, पण फार बोलले नाहीत. बोलावं तरी काय? मी माफी मागितली. कशाबद्दल, ते पूर्ण सांगायचं धाडस झालं नाही. पोरगा मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन पडलेला. मला म्हणाला, "आप लोगाँ जीते क्या सर?" मी म्हटलं, "हौ, एक-शून्य." तो म्हणाला, "अगले साल देख लेंगे."

पुढचं वर्षभर मी आठवड्यातून एक दिवस पोरांना ड्रिबल करू दिलं नाही. नुसते पास. पहिले दोन महिने ती वैतागली. मी मात्र मोडता घातला नाही. मॅचच्या दिवशी वर्गात बसवलं, दार उघडंच ठेवलं. आमचे शिपाईमामा त्याच महिन्यात रिटायर व्हायचे होते. वीस वर्षं त्यांनी आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आणि एकही मॅच खुर्चीवर बसून पाहिली नव्हती. मी पोरांना म्हटलं, "आज मामा खुर्चीवर बसणार आहेत. त्यांना चांगला खेळ दाखवा. मला दुसरं काही नको."

आम्ही २-१ हरलो. त्यांचा दुसरा गोल त्याच लेफ्ट विंगच्या पोराचा, त्याच पायानं. आमचा स्टॉपर सगळ्यात आधी जाऊन त्याच्याशी हात मिळवून आला. मी काही सांगितलं नव्हतं. अण्णा घरी येताना एवढंच म्हणाले, "आज बरे खेळले."

हे सगळं मनात मुरत होतं, आणि १३ जुलै १९९७ आला. फेडरेशन कपची सेमीफायनल, कलकत्त्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, सव्वा लाखाच्या वर माणूस. एका बाजूला पीकेंचा ईस्ट बंगाल, दुसरीकडे अमल दत्तांचा मोहन बागान. दत्तांची डायमंड पद्धत तेव्हा भलतीच गाजत होती. मॅचच्या आधी त्यांनी समोरच्या खेळाडूंच्या नावांची टिंगल केली. भाईचुंगला 'चुंगचुंग' म्हणाले, ओमोलोला 'ऑम्लेट'. पेपरांनी मोठ्या अक्षरांत छापलं. पीकेंना त्या वेळी फार बोलावं लागलंच नसेल. टॉनिक समोरच्यांनीच पाजलं होतं. ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला, भाईचुंगची हॅट्ट्रिक.

मी खूश होऊन फोंड्याच्या मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "थांब रे, अजून फायनल व्हायचीय." फायनलला समोर गोव्याचा साळगावकर. ज्याच्याबद्दल ईस्ट बंगालच्या मनात ना राग, ना जुनी खुन्नस. साळगावकरनं २-१ असं हरवून कप गोव्याला नेला. मावसभावानं फोन करून विचारलं, "काय रे, टॉनिक संपलं का?" एका मॅचवरून सिद्धांत मांडू नये, मलाही कळतं. दमलेले असतील, साळगावकर चांगला खेळला असेल. पण मला तेव्हा आमच्या वर्गाचं बंद दार आठवलं. कुणाच्या तरी विरुद्ध पेटवलेली पोरं त्या एका दिवसापुरती पेटतात. दुसऱ्या दिवशी समोर दुसरंच कुणी असतं.

पीकेंचा मान कमी करायचा नाही मला. ते मोठेच होते, २०२० मध्ये गेले तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. हबीबही २०२३ च्या १५ ऑगस्टला गेला, इथंच हैदराबादेत. टॉनिक त्यांच्या हातात शोभायचं, कारण त्यांची टीम वर्षभर घाम गाळायची आणि त्यांना कुठं थांबायचं ते कळायचं. माझ्यासारख्यानं नुसती बाटली पाहिली आणि काय भरायचं ते घरच्या जखमेतून काढलं. आपल्यासारख्या कुटुंबांकडे अशा जखमा भरपूर आहेत. कुणाकडे अठ्ठेचाळीसची, कुणाकडे सीमेवरची, कुणाकडे आणखी जुनी. त्या खोट्या नाहीत. पण त्या मुलांच्या पायात देताना आपण काय देतोय ते बघावं, एवढंच मला त्या नडगीच्या आवाजानं शिकवलं.

शुक्रवारी रात्री नातवाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "त्या मुलाचं पुढं काय झालं?" म्हटलं, बँकेत लागला, आता रिटायर व्हायला आला असेल, ईदला अजून फोन येतो. मग म्हणाला, "उद्या मी आमच्या सरांना सांगू का, की आज कुणासाठी खेळायचं ते सांगा म्हणून?" मी म्हटलं, विचारून बघ.

शनिवारी मॅच १-१ झाली. सरांना विचारलंस का, हे मी त्याला विचारलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या शाळेतला एक पोरगा त्याच्याबरोबर पाणी प्यायला आत आला होता, तेवढं पाहिलं.

मंडळी, फत्तेमैदानाच्या, हैदराबाद पोलीसच्या टीमच्या, रहीमसाहेबांच्या शाळेतल्या आठवणी कुणाच्या घरी असतील तर जरूर लिहा. नॉन-ड्रिबलिंगच्या स्पर्धेत खेळलेलं कुणी अजून असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या, लिहून काढा. अण्णांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यांच्या टीममधल्या त्या उजव्या विंगच्या पोराचं नाव मी त्यांना विचारायचं राहून गेलं.